खळ्यावरच्या बैलावानी

जत्रेच्या नाटकाला फिरता देखावा हवा, ही हौस माझी. खिशात दमडी नाही आणि हौस मात्र पुण्या-मुंबईची! शाळेत शिकवायचो आणि वर्षातून एकदा, चैत्रात, गावातली हौशी माणसं गोळा करून नाटक बसवायचो. पडदा न पाडता घराचं जंगल झालं पाहिजे, असं मी त्या वर्षी डोक्यात घेतलं.

ते जमवलं गावातल्या एका ऊसतोड्यानं. चौसाळ्याच्या भंगारातून त्यानं मोडक्या बैलगाडीचा आख आणि एक चाक आणलं. शाळेच्या मैदानात आख उभा पुरला, चाक वर आडवं ठेवलं, त्यावर फळ्यांचा गोल ठोकला. गोलावर बांबूची भिंत उभी राहणार होती. तिच्या गोणपाटावर एका अंगाला चुन्याचं घर, दुसऱ्या अंगाला जंगल. फक्त चाकावरचा नट अडकवायची पिन काही मिळाली नाही.

"गुरुजी, पिन न्हाई म्हणून एकाच अंगानं फिरवायचं," तो म्हणाला. "खळ्यावरच्या बैलावानी. उलटं फिरवलं की नट ढिला हुतोय."

मी मान डोलावली. मळणीयंत्र आल्यापासून गावात खळं उरलं नव्हतं, आणि मी तर मास्तराचा मुलगा. बैल कोणत्या अंगानं फिरतात हे मला ठाऊक नव्हतं. पण गुरुजींनी ते विचारायचं कसं?

दिवाळी झाली आणि तो बायकोला घेऊन ऊस तोडायला कर्नाटकात निघाला. म्हातारी आई घरीच राहिली. भिंत चढवायची बाकी होती, त्यामुळे तिनं काहीच पाहिलं नव्हतं. "गुढीपाडव्याला येतोच. माय पहिल्या रांगेत बसंल," तो म्हणाला. "खळ्यावानी फिरंल म्हणून सांगितलंय तिला. माझ्या हातचं फिरताना एकदा बघू द्या, बस." मी शब्द दिला.

पौषात गावच्या पुढाऱ्यांनी निरोप धाडला: मांडव आम्ही घालतो, पण आमदारसाहेबांना पुढच्या आठवड्यातच सवड आहे. फुकटचा मांडव पाहून मी पाघळलो. कर्नाटकात त्याला फोन करून दिशाही विचारता आली असती. पण तारीख बदलल्याचं सांगायचं तोंड नव्हतं, म्हणून केलाच नाही.

त्याची आई मात्र आली. धुतलेलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत साहेबांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. घराचा प्रवेश संपला. "फिरवा," मी आतून म्हणालो, आणि अंदाजानं हात दाखवला. गोल पाव फिरला तोच म्हातारी उठून उभी राहिली.

"उलटं फिरवताय, मास्तर! उलटं हाय ते!"

लोक हसले. साहेबांनी वळून पाहिलं. मला लाज वाटली, आणि मी विंगेतून हातानं तिला खाली बसायची खूण केली. ती बसली. पुढच्या क्षणी चाक एका बाजूला कललं आणि अर्धं घर, अर्धं जंगल तसंच अडकून राहिलं. उरलेलं नाटक आम्ही भिंत हातांनी धरून केलं. ती शेवटपर्यंत बसून होती.

माघात ती गेली. तो पोचला तो राख सावडायच्या दिवशी. आईचं तोंडही त्याला पाहायला मिळालं नाही. दहावा उरकून तो शाळेत आला. नाटक होऊन गेल्याचं त्याला गावात कळलं होतं.

"गुरुजी, मायनं बघितलं का फिरताना?"

"बघितलं की," मी म्हणालो. "लई खूश झाली."

तो मैदानात चाकापाशी जाऊन बसला. ढिला झालेला नट काढून बोटानं आटे चाचपले. मग फळ्या सारख्या केल्या, नट आवळला आणि मोकळा गोल हळूच एक फेरा फिरवला. मी दाखवली होती तिच्या अगदी उलट बाजूला.

"आसं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "अडलं व्हतं तर मायला इचारायचं ना, गुरुजी. म्होरंच बसली व्हती. आमच्या खळ्यावर बैलं तीच हाकायची."

मी मान हलवली. तिनं न विचारताच सांगितलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.