सकवारबाईंची खंडेनवमी

गुरुवार, २ ऑक्टोबर १९९७. आज घट बसले. नळाला पाणी उशिरा आलं. चिकपेटहून झेंडूच्या माळा आणवल्या, निम्म्या कोमेजलेल्या निघाल्या. जेवताना मोठ्या भावजींनी सांगितलं की खंडेनवमीला क्लबच्या किल्ल्या अभिराजच्या हाती देणार. विश्वासराव ताटावरून उठले. अक्का वाढत राहिल्या.

राजसबाई रोज संध्याकाळी एवढंच लिहीत. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावलेली सवय, लग्न झालं तरी मोडली नाही आणि नवरा गेला तरी मोडली नाही. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे या अक्कांना, सकवारबाईंना, या लिहिण्याचं भारी कौतुक. स्वतः सोंडूरला चौथीपर्यंत शिकलेल्या, पण दरवर्षी खंडेनवमीला राजसबाईंचं पेन देवीपुढे मांडल्याशिवाय त्या पूजेला बसत नसत. राजसबाई विधवा झाल्या त्या वर्षी कुणीतरी कुरकूर केली, तेव्हा सकवारबाई म्हणाल्या होत्या, "पेनचा नवरा कुठे गेलाय?" आणि पेनला कुंकू लावलं होतं.

हा क्लब म्हणजे सासऱ्यांनी उभी केलेली क्रिकेटची टीम. मैदान लहानसंच, पण राज्याच्या संघटनेत क्लबला एक मत होतं, आणि त्या मताला मान होता. सकवारबाईंचे यजमान, थोरले जयसिंगराव वीस-बावीस वर्षं सेक्रेटरी होते, किल्ल्या त्यांच्याकडेच. सकवारबाईंनी तितकीच वर्षं टीमचे पांढरे कपडे धुतले, नीळ घातली, खळ घातली. जे. पी. नगरात नवीन आलेल्या शेजारणीने एकदा विचारलं होतं, "तुमच्या घरात अकरा पुरुष आहेत का हो?" सामना मात्र त्यांनी एकही पाहिला नव्हता. सामन्याच्या दिवशी अकरा जणांचा स्वयंपाक असे.

अभिराज त्यांचा एकुलता एक, तोही उशिरा झालेला. राज्याच्या संघातून सलामीला खेळायचा. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात भारत 'अ' संघाच्या शिबिराचं बोलावणं आलेलं. जयसिंगरावांची छाती कोटात मावत नव्हती.

विश्वासराव धाकटे दीर, चिकपेटला कापडाचं दुकान. "अण्णा, क्लब म्हणजे काय घरचा सोफा आहे, मुलाला द्यायला?" ते म्हणाले होते.

"मग तुझ्या दुकानातला तागा आहे का, मोजून घ्यायला?" जयसिंगरावांनी विचारलं होतं.

नवरात्रभर दोघे भाऊ एकाच फोनवरून, आळीपाळीने, क्लबच्या मेंबरांना आपल्या बाजूला ओढत होते.

खंडेनवमीला देवीपुढे घरातली सगळी हत्यारं मांडली गेली. जुनी तलवार, विळी, शिवणयंत्र, विश्वासरावांचा कापड मोजायचा पितळी गज, अभिराजची बॅट, स्टंप, राजसबाईंचं पेन, आणि तबकात क्लबच्या किल्ल्या. बाहेर स्कूटरला हार, चाकाखाली लिंबू. क्लबचे उपाध्यक्ष भीमाचार्य, निवृत्त शाळामास्तर, दरवर्षीप्रमाणे सोवळं नेसून आले होते. शेजारची चार घरं होती.

या घराची एक रीत होती. कुंकू लावण्याआधी घरची थोरली बाई विचारायची, "वर्षभरात काय केलं हिने?" आणि ज्याचं हत्यार त्याने देवीला सांगायचं. रीत कुणी घातली ते ठाऊक नव्हतं. एव्हाना तिचा खेळच झाला होता.

"विळीने काय केलं?"

"माझं बोट कापलं, अक्का," राजसबाई म्हणाल्या.

"सरी, बरं. तिला कुंकू थोडंच लावते." सगळे हसले.

"गजाने?"

"अर्ध्या चिकपेटला नेसवलं, वहिनी," विश्वासराव ऐटीत म्हणाले. गजाला कुंकू लागलं.

"बॅटीने?"

"दोन शतकं, अम्मा. आणि शिबिराचं बोलावणं." अभिराजने मान खाली घालून सांगितलं. जयसिंगरावांनी तबकातल्या किल्ल्यांकडे हात नेला.

"आणि मार्चमधला सामना?" विश्वासराव म्हणाले. "तो बॅटीने हरवला, की बॅट नुसती हातात होती?"

"विश्वास!"

"विचारा ना त्याला, अण्णा. पैसे घेऊन बाद झाला तुमचा लाडका. सट्टेवाल्यांच्या सांगण्यावरून."

"खुर्चीसाठी पुतण्याच्या अंगावर चिखल उडवतोस? सणाच्या दिवशी? ऊठ, चालता हो!"

शेजारणींनी मुलांना जवळ ओढलं. भीमाचार्य उगाच उपरणं सारखं करू लागले. राजसबाईंना वाटलं, अक्का आता दिराला झापणार, नाहीतर रडणार. सकवारबाईंच्या बोटावर कुंकू तसंच होतं.

"थांबा दोघंही," त्या म्हणाल्या. "विचारायचं काम माझं." मग मुलाकडे वळून, विळीबद्दल विचारलं होतं त्याच आवाजात, "अभी, मार्चमध्ये काय केलं हिने?"

अभिराजने बॅटीच्या मुठीवर हात ठेवला.

"तो चेंडू सोडायचा होता, अम्मा. मी मुद्दाम उचलून मारला." "एक शेठ होते. एकदाच कर म्हणाले होते."

जयसिंगरावांनी किल्ल्यांचं तबक मागे सारलं.

"कुठे भेटले शेठ?"

त्याची नजर गेली ती काकांकडे.

सकवारबाई गजाकडे वळल्या. "विश्वासभावजी, गजाने आणखी काय केलं?"

"मी फक्त ओळख करून दिली, वहिनी. गिऱ्हाईक होतं दुकानाचं. पुढचं त्यांचं त्यांनी..."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. मार्चमध्ये."

"मग पोराचा कान तेव्हा का नाही धरलात?"

विश्वासरावांनी तबकातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं. ती गोष्ट त्यांनी सहा महिने खिशात जपून ठेवली होती, किल्ल्यांच्या दिवसासाठी.

कॉन्व्हेंटमध्ये राजसबाईंनी लाकडी जाळीआड कुजबुजत पापं सांगणाऱ्या मुली पाहिल्या होत्या. ऐकणाऱ्याचा चेहरा दिसू नये, सांगणाऱ्याचं नाव कळू नये, म्हणून केवढी व्यवस्था. इथे जाळी नव्हती. चार शेजारी, पेढ्यांचं ताट, आणि समोर आई. आणि त्या आईने आवाज एकदाही चढवला नव्हता.

सकवारबाईंनी पदराच्या टोकाने गजावरचं कुंकू पुसलं. बॅटीला लावलंच नाही.

"सकवार," जयसिंगराव हलक्या आवाजात म्हणाले, "आज तरी लाव. पुढच्या आठवड्यात शिबिर आहे त्याचं. घरातलं घरात ठेवू."

"देवीला काय सांगून लावू?"

"अगं, तुझाच मुलगा ना तो?"

"म्हणून तर त्याला विचारलं." त्या अभिराजला म्हणाल्या, "शिबिराला जायच्या आधी निवड करणाऱ्यांना जाऊन सांग. दुसऱ्याने सांगायच्या आत तू सांग."

"शिबिर जाईल, अम्मा."

"जाईल."

"परत कधी बोलावणार नाहीत."

"नाही बोलावणार बहुतेक." हे म्हणताना त्यांनी दुसऱ्या हाताने देव्हाऱ्याची कड धरली. ते फक्त राजसबाईंना दिसलं, कारण त्या बाजूलाच बसल्या होत्या.

मग सकवारबाईंनी तबकातल्या किल्ल्या उचलल्या आणि भीमाचार्यांपुढे धरल्या. "आचार्य, सभा बोलवा. मेंबर ठरवतील त्याला द्या. आमच्यापैकी कुणाला नको."

"बाबांनी उभा केलेला क्लब आहे हा!" या एका गोष्टीवर दोन्ही भाऊ एकदम बोलले.

"बाबांनी उभा केला. आपण त्यावर नुसते बसलो."

भीमाचार्यांनी किल्ल्या घेतल्या आणि उपरण्याच्या टोकाला बांधल्या. त्यांना वाटलं असावं की आता पूजा मोडली. पण सकवारबाई पुन्हा पाटावर बसल्या, नवं कुंकू बोटावर घेतलं आणि म्हणाल्या, "शिवणयंत्राने काय केलं?"

राजसबाईंनीच सांगितलं, "पडद्यांना झालर लावली, अक्का." एकेक हत्यार झालं. पेनही झालं. बाहेर जाऊन स्कूटरलाही विचारून झालं. स्कूटर जयसिंगरावांची, पण ते उठले नाहीत, तेव्हा स्कूटरच्या वतीनेही राजसबाईच बोलल्या. दृष्ट काढायचा, आत कुंकू भरलेला कोहळा मात्र फोडायला कुणी पुरुष पुढे येईना. सकवारबाईंनी तो डोक्यावर उचलला आणि फाटकापुढे स्वतः आपटला. लाल फोडी रस्ताभर उडाल्या. समोरचा रिक्षावाला थांबून बघत राहिला.

अभिराज भीमाचार्यांबरोबर रिक्षाने एका निवडकर्त्याच्या घरी गेला. जायच्या आधी तो आईच्या पाया पडला. तिने आशीर्वाद दिला नाही, डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली, रिक्षावाला कानडीत "स्वल्प बेगा, सार" अशी घाई करेपर्यंत.

पाहुणे जेवून गेले. विश्वासराव न जेवता दुकानात गेले. जयसिंगराव खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. सकवारबाईही जेवल्या नाहीत. मागच्या पायरीवर बसून त्या टीमच्या सदऱ्यांची सुटलेली बटणं लावत राहिल्या. राजसबाई शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत राहिल्या. पस्तीस वर्षं एका चुलीवर रांधूनही या बाईला आपण ओळखत नव्हतो, असं त्यांना वाटत राहिलं.

उन्हं कलताना अभिराज परतला. चेहरा धुतल्यासारखा कोरा.

"सांगितलंस?"

"हो. शिबिरातून नाव काढलं. चौकशी बसेल. बंदी येईल म्हणाले, किती वर्षांची ते माहीत नाही."

सकवारबाईंनी दोरा दाताने तोडला. "हातपाय धू. आपण दोघं जेवू."

त्या संध्याकाळी राजसबाई वही उघडून पुष्कळ वेळ बसल्या. जे पाहिलं ते कुठल्या शब्दांत मावेल ते त्यांना कळेना. शेवटी तारीख घातली आणि खाली लिहिलं: आज अक्का आणि अभिराजसाठी दुसऱ्यांदा कुकर लावला.