कानाच्या यंत्राला कुंकवाचं मेण

आमचे मालक बहिरे हैत, हे मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहून कसं कळलं न्हाई? न्हाई कळलं. त्या काळात बाई नवऱ्याला मागून हाक मारीत नव्हती. नाव घ्यायचं न्हाई, सासूदेखत बोलायचं न्हाई. काई सांगायचं असलं तर ताट वाढताना समोर बसून हळूच सांगायचं. समोरून सांगितलं की त्यांना बरोबर कळायचं. माझ्या तोंडाकडं एकटक बघायचे. मला वाटायचं, आपलं तोंड आवडतंय यांना.

मालक सरकारी कचेरीत चपराशी व्हते. आम्ही हैदराबादेत चिक्कडपल्लीत राहायचो, एक खोली अन पुढं फरशीचं अंगण. साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसायचं, आतून घंटी वाजली की जायचं, हे त्यांचं काम. पहिले साहेब आपले मराठी व्हते, दार सताड उघडं ठेवायचे. मग हैदराबाद राज्य मोडलं. मराठी मुलूख मुंबईकडं गेला, कानडी म्हैसूरकडं, अन आमचं शहर आंध्रात. कचेरीतली माणसंबी वाटली. मराठी साहेबांना मुंबईचा हुकूम आला. गावी आमचं काईच उरलं नव्हतं, म्हून मालक हितंच थांबले. कचेरीत जास्तीची माणसं कोण, कुणाला काढायचं, हेच बोलणं चालायचं.

नवे साहेब आले कर्नूलकडचे, तेलुगू बोलणारे. त्यांनी आल्या आल्या दाराला जाड पडदा लावला.

आठवड्यात मालकांच्या जोडीचा चपराशी घरी आला. मालक बाजारात गेलते. मुसलमान माणूस, मला भाभी म्हणायचा, कवा उंबऱ्याच्या आत यायचा न्हाई. म्हणाला, "भाभी, भैय्या रूठे हैं क्या? साब घंटी बजा बजा को थक गए, ये फत्तर के वैसा बैठे हैं. मैं दौड़ दौड़ को जारूं. कब तक छुपाऊं? साब निकाल देंगे इनकू."

मला काई समजंना. रुसायचा माणूसच नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक भिंतीकडं तोंड करून पगडी बांधत व्हते. मी तांब्याची रिकामी घागर उचलली अन त्यांच्या मागं फरशीवर टाकली. शेजारची तेलुगू बाई पळत बाहेर आली. झाडावरचे कावळे उडाले. मालकांनी पगडीचा पुढचा वेढा घेतला. मान फिरवली न्हाई.

घागर फिरत फिरत भिंतीला लागली तरी मी तिथंच.

आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या व्हत्या. त्यांनी सगळं बघितलं. मी इचारलं, "आत्याबाई, तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"मुदतीच्या तापात गेले कान. बारका असताना."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बापानं दिली असती का तुला?" म्हणाल्या अन घागर उचलून जागेवर ठिवली. "पोचा आला बघ. फुकटची हाय का घागर?"

मालकांना मी समोर बसवून इचारलं. ते म्हणाले, "अगदीच बहिरा न्हाई मी. कानाशी तोंड लावून ओरडलं तर थोडं येतं. बाकीचं तोंडावरून कळतं. आपली मराठी कळते, उर्दू कळते. ह्या साहेबाचं तोंड मला वाचता येईना." अन घंटी? पहिल्या साहेबांचा हात घंटीकडं गेला की उघड्या दारातून दिसायचा, हे उठायचे. आता पडदा.

मराठी साहेबांचं घर हिमायतनगरला, सामान बांधणं चाललं व्हतं. साहेबांचा निरोप घ्यायला मालक मला घेऊन गेले. बाईसाहेबांनी एक डबी आणून दिली, काड्याच्या पेटीहून मोठी, तिला वायर, अन वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंडूक. त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांचं ऐकायचं यंत्र व्हतं ते.

"घामापासून जपायचं," त्या मला म्हणाल्या. "झोपताना सेल काढून ठेवायचा. वायर गुंडाळताना पिळायची नाही, आत तुटली की खरखर येते. बोंडूक वायरीपासून काढून रोज पुसायचं, कानातला मळ अडकतो. आणि बंद पडलं तर आधी आवाजाची चकरी पूर्ण फिरवून बोंडूक डबीजवळ आणायचं. शीळ वाजली की समज, यंत्र जिवंत आहे."

मी म्हणलं, "बाईसाहेब, साहेबांना कसं कळलं यांचं?"

"अगं, त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. उगीच का दार उघडं ठेवायचे?"

साहेबाला ठाऊक, साहेबाच्या बायकोला ठाऊक. मी डबी पदरात गुंडाळली.

घरी येऊन यंत्र लावलं. मालक दचकले, भिंतीला टेकले. म्हणाले, "आई इतकी खोकती?" त्यांनी ते कवा ऐकलंच नव्हतं. आत्याबाई उठून चुलीकडं गेल्या, तोंडात पदर धरून खोकल्या.

वायर अन बोंडूक पगडीखाली दडवायचे; डबी खिशात असायची, म्हून छातीशी बोलावं लागायचं. मी वाकून बोलले की आत्याबाई म्हणायच्या, "दिवसाढवळ्या काय हे? चारचौघांची काई लाज?" कोटाला कांजी घातली की यंत्रात चर्रचर्र वाजायचं, म्हून मी कांजी सोडली. डबीला जुन्या धोतराची दुहेरी पिशवी शिवली, घाम आत जाऊ नये म्हून.

पण बोंडूक दुसऱ्याच्या कानाच्या मापाचं. मालकांच्या कानात ढिलं बसायचं, अन फटीतून आवाज बाहेर येऊन यंत्र शीळ घालायचं. तिसऱ्याच दिवशी पडद्याबाहेर शीळ वाजली अन साहेब ताडकन बाहेर आले. चपराशी साहेबाला शीळ घालतो! जोडीदारानं हातापाया पडून निभावलं. "तबियत खराब है" म्हून सांगितलं, यंत्राचं नाव काढलं न्हाई. मालकांनी बोंडूक मुठीत लपवलं. बहिरा म्हून कळलं तर जास्तीच्या माणसांत पहिलं नाव आपलं, ही भीती.

तवा आम्ही कपाळाला आधी मेण लावायचो, मग त्यावर कुंकू. त्यातलंच मेण मी घेतलं, बोंडकाला कडंनं वळून लावलं, भोक मोकळं ठिवलं. कानात गच्च बसलं. शीळ बंद. घंटी वाजली की मालक उठायला लागले. थंडी अशीच गेली.

अन वैशाखात एका दुपारी मालक घरी आले. पगडी हातात. पाणी दिलं, प्याले न्हाईत.

"उद्यापासून येऊ नको म्हणले साहेब."

मेण उन्हानं वितळून भोकात गेलतं. यंत्र मुकं झालं. साहेबानं घंटीवर घंटी मारली, शेवटी पडदा ओढून बाहेर आले तर हे समोर बघत बसलेले.

मी रडायला बसले न्हाई. आत्याबाईच रडत व्हत्या. मी बोंडूक सोडवलं, कोमट पाण्यात धरलं, सुईनं मेण काढलं, फुंकून कोरडं केलं. वायरीला लावून डबीजवळ नेलं. शीळ वाजली.

"चला," मी म्हणलं.

"कुठं?"

"साहेबाच्या मेजावर ठिवा हे. खरं सांगा. माझ्यापासून लपवलंत, त्यांच्यापासून लपवलंत, काय भलं झालं?"

"बहिरा म्हणलं की काढतील."

"काढलंच हाय की!"

उन्हात चालत गेलो. मी बाहेर लिंबाखाली उभी राहिले. चपराशाची बायको कचेरीत जात नव्हती. तिथनं व्हरांडा दिसायचा. मालक पडद्याआड गेले. कितीक वेळ काईच न्हाई. मग आतून घंटी वाजली, जोरात, अन कुणीतरी मोठ्यानं ओरडलं.

मग मालकांचा जोडीदार पडदा सारून आला, अन दाराशेजारचं मालकांचं स्टूल उचलून घेऊन गेला. संपलं, म्हणलं. जागाच काढली.

तो परत बाहेर आला, लिंबाखाली पळत आला. हसत व्हता की घाबरलेला, समजंना. म्हणाला, "भाभी, साब खुद कान में लगा लिए वो! रूमाल से पोंछ को लगाए. फिर अपनीच घंटी बजाए. ऐसा चिल्लाए, ऐसा चिल्लाए! मुंह सफेद पड़ गया साब का."

"अन स्टूल?"

"अंदर रखवाए. पडदे के अंदर, मेज के सामने. बोले, मेरा हात देखते बैठ. और सिकंदराबाद के कान के डाक्टर के पास जा को अपने नाप का बनवा."

मला खरंच वाटंना. तोवर व्हरांड्याच्या टोकाला मालक आले, साहेबाच्या पाण्याचा तांब्या भरायला. मला बघून त्यांनी लांबूनच हात केला, घरी जा.