काकूचा नियम आणि आयोडिनची बाटली

सत्तरच्या दशकातला एक उन्हाळा. शिरपूर जैनला काकूच्या ओसरीवर बसून मी तिला दूध बंद करायला सांगत होते, आणि ती माझ्यासमोर बशीतून दुधाचा चहा पीत होती.

काकूला थायरॉइडचा कॅन्सर निघाला होता. मुंबईत ऑपरेशन करून ग्रंथी काढली, पण मानेत काही पेशी उरल्या होत्या. त्यासाठी तिला किरणोत्सारी आयोडिन प्यायचं होतं... आणि मी त्याच हॉस्पिटलच्या आयसोटोप विभागात टेक्निशियन होते. ती माझी काकू आहे हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

तिला शक्य तितकं सोपं करून सांगितलं. थायरॉइडची पेशी रक्तातलं आयोडिन ओढून घेते. कॅन्सर झाला तरी अनेकदा तिची ही सवय सुटत नाही. (ते ओढून घेणारं प्रथिन आणि त्याचं जनुक पुष्कळ नंतर सापडलं. तेव्हा आम्हाला फक्त सवय माहीत होती.) म्हणून आधी काही आठवडे आयोडिन तोडायचं... दूध-दही नाही, समुद्राचं मीठ नाही, थायरॉइडची गोळीही बंद. मग उपाशी पेशी किरणोत्सारी आयोडिन अधाशासारखं घेतात आणि त्यानेच मरतात.

काकूने बशी खाली ठेवली. "मंग असं सांग ना व. उपास त्याइचा हाय, माहा नाही."

दुसऱ्या दिवशी तिने देवळात जाऊन नियम घेतला. दूध-दही नाही, मीठ फक्त खाणीतलं शेंदेलोण, आणि सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरांचं पथ्य मोडणारी काकू नियम मोडणार नाही, एवढं मला माहीत होतं.

गोळी बंद झाल्यावर तिचा चेहरा सुजला. ऐन उन्हाळ्यात ती शाल पांघरून बसायची, चार पायऱ्या चढून थकायची. हे सगळं पुन्हा एकदा करायची ताकद तिच्यात नव्हती... डोस याच वेळी व्हायला हवा होता.

मुंबईत डोसच्या दिवशी सकाळी येणारी बाटली पोचली दिवेलागणीला. डॉक्टर म्हणाले, "घ्या पटकन." काकूने खिडकीकडे पाहिलं.

"दिवस बुडला. आता सकाळीच."

"अहो, हे औषध आहे."

"नियमात औषदाची सूट मी मागतलीच नाही."

"रात्रभरात याची ताकद उतरते, बाई. दुसरी बाटली नाही माझ्याकडे."

काकू माझ्याकडे वळली. "तू काहून गप उभी हायस? सांग ना याइले. काकू कोनाची हाय?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी आकडेमोडीची पट्टी, स्लाइड रूल, काढला. या आयोडिनची ताकद निम्मी व्हायला आठ दिवस लागतात... म्हणजे सकाळपर्यंत शंभरातले चारेक भाग जाणार. बाटलीत डोसपेक्षा थोडं जास्तच होतं. सकाळी पुन्हा मोजून तेवढं वाढवून देता येईल, असं मी म्हटलं.

डॉक्टरांनी आकडा स्वतः ताडून पाहिला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या काकूंना झोपू द्या."

सकाळी ऊन खिडकीत आल्यावर काकूने स्ट्रॉ तोंडात धरली. मी शिशाच्या विटांमागे उभी होते. "कायले एवढा बोभाटा करून राह्यले होते? पानी तर हाय," ती म्हणाली.

काही दिवसांनी स्कॅन काढला. मानेत नेमक्या जागी गडद ठिपके होते. पेशींनी आयोडिन घेतलं होतं. पुढच्या वर्षीच्या स्कॅनमध्ये तिथे काहीच दिसलं नाही.

त्यानंतर डोसची वेळ ठरवताना मी प्रत्येक पेशंटला विचारू लागले, सूर्यास्तानंतर काही घेता का? बहुतेक जण हसायचे... मी उत्तर येईपर्यंत थांबायचे.

काकू शिरपूरला परतली, देवदर्शन करून तिने नियम सोडला. पुढे कितीतरी वर्षं मी गेले की ती माझ्यासमोर बसून, मुद्दाम आवाज करत, बशीतून दुधाचा चहा प्यायची.