हलगी कुणाची?

दादू दवंडीवाला मोठा गोड माणूस आहे असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. भांडखोर, तोंडाचा फटकळ, आणि एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. पण सत्तावन्न सालच्या विधानसभेच्या निवडणुकीत आमच्या चाकणजवळच्या गावाची लाज त्यानंच राखली, हे मी छातीठोक सांगतो.

दादूची हलगी वाजली म्हणजे गावाचा हुकूम. घरटी एक माणूस चावडीपुढं आलाच पाहिजे. त्याबद्दल सुगीला प्रत्येक खळ्यावर त्याला पायलीभर बाजरी मिळते. बागाईतवाला असो की कोरडवाहू, पायली म्हणजे पायलीच. त्यावर त्याचं आणि बायकोचं, सरुबाईचं, वर्ष निघतं.

उमेदवार दोन. कांद्याचे अडते दौलतराव. त्यांची लॉरी, वर कर्णा, शिवाय रोज जेवणावळी. दुसरे ज्योतीराम मास्तर; त्यांच्याकडे सायकल, तीही उसनी. कर्ण्यामागं पोरं धावायची, मोठी माणसं जेवून घरी जायची. गाव जमवायचं तर हलगीच हवी, हे दौलतरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी दादूला बोलावून नवं धोतर पुढं केलं, वर नोटांची घडी.

"निकाल लागेपर्यंत हलगी आमची, दादू."

"हलगी गावाची हाय, मालक. गाव पोसतंय तिला. तुमची सभा पुकारीन, मास्तरांची बी पुकारीन. पैसा कुणाचाच न्हाई."

"मास्तर तुझा कोण लागतो रे?"

"कुनीबी न्हाई. मला तर त्यो आवडत बी न्हाई."

दौलतराव थंडपणे म्हणाले, "सुगीला आमच्या खळ्यावर येशीलच की. आमच्या भाऊबंदांच्याही."

गावातली निम्मी खळी त्यांच्या भावकीची. घरी सरुबाई भडकली. "मंग वरीसभर खायाचं काय? हलगीचं कातडं?"

 दादूनं हलगी शेकली आणि तो बाहेर पडला.

"ऐका हो! आज दौलतरावांची सभा, उद्या ज्योतीराम मास्तरांची. दोन्ही चावडीपुढंच. दोघांचंबी ऐका! पुकाराचा खर्च गावाचा हाय, कुनाचा उपकार न्हाई!"

गाव जमलं. लॉरीपुढं मुकी राहणारी माणसं चावडीपुढं मात्र हक्कानं बोलली. कांद्याच्या वजनात घट कसली धरता, असं कांदा पिकवणाऱ्या पुतळाबाईनं दौलतरावांना तोंडावर विचारलं. मास्तरांनाही कुणी सोडलं नाही. निवडणूक म्हणतात ती हीच, असं मला त्या दिवशी वाटलं.

तरी तालुक्यात दौलतराव निवडून आले. माझा तर जळफळाट झाला. दादूला त्याचं काही नव्हतं.

सुगी आली. दादू पोतं घेऊन पहिल्यांदा दौलतरावांच्याच खळ्यावर गेला. मीही मागोमाग गेलो. मारामारी होणार अशी माझी खात्री. पण आमदारसाहेब चारचौघांत हसले आणि गड्यांना म्हणाले, "भरा रे त्याचं पोतं, काठोकाठ."

माणसांनी वाहवा केली. दादूनं खळ्यावरची पायली उचलली, पोत्यातून एक मापून बाजूला काढली आणि उरलेली बाजरी सगळ्यांदेखत राशीवर ओतली.

"ही पायली गावाची," तो म्हणाला. "वरची घेतली, तर पुढल्या निवडणुकीला मी तुमचा झालो."

पोत्यात आपली पायली घालून तो शेजारच्या खळ्यावर गेला. तिथं दौलतरावांचा चुलतभाऊ उभा होता. त्यानं मुकाट्यानं पायली भरली.