मंगलाष्टकं इंग्लिशमध्ये

आमच्या नात्यात लग्न ठरलं की आधी हॉल बघतात आणि लगेच बाबांना फोन करतात. मंगलाष्टकं बाबांची. स्वतः रचलेली, खणखणीत आवाजात, आणि एकदा माइक हातात आला की थांबणं नाही. हार धरून धरून हात दुखलेले नवरदेव मी पाहिलेत.

आणि माझंच लग्न ठरलं उत्तन गावातल्या ख्रिस्ती घरात. चर्चमध्ये लग्न, विधी एकच, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं. म्हणजे अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत. "काही हरकत नाही," असं म्हणून बाबा बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले. आईनं ते सकाळीच घातलं होतं. जगातल्या पोरींसाठी गाणारा माणूस स्वतःच्या लेकीच्या लग्नात गप्प बसणार, या विचारानं मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी उगाच सगळ्यांवर डाफरायचे.

होणाऱ्या नवऱ्याजवळ बोलले असणार मी. कारण पुढच्याच रविवारी सासूबाई चहाला आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "व्याही, रिसेप्शनला टोस्ट मुलीच्या बापानंच करायचा हाय. दोन शब्द प्रेमाचे, दोन देवाचे, मग सगळ्यांनी ग्लास वर करायचे."

"इंग्लिशमध्ये?" बाबांचे डोळे चमकले.

"जमेल त्यात करा."

पण बाबांचं ठरलं होतं. सासूबाईंच्या पुढच्या खोलीत एक फ्रेम आहे. त्यांच्या आईनं कापडावर लाल दोऱ्यानं भरलेली सहा ओळींची जुनी इंग्लिश कविता, कडेनं गुलाब. पहिल्या भेटीत चहा गार होईपर्यंत बाबा तिच्यासमोर उभे होते. "काय भारदस्त भाषा! प्रेम, सद्गुण, श्रद्धा. आता कोण लिहितं असं?" त्यांनी मला त्या फ्रेमचा फोटो काढून आणायला लावला आणि रियाज सुरू केला.

"लव्ह इज द लॅम्प अँड व्हर्च्यू द ऑइल..." प्रेम हा दिवा, सद्गुण हे तेल, आणि श्रद्धा वादळवाऱ्यात ज्योत सांभाळते, असा काहीसा अर्थ. चाल अर्थातच मंगलाष्टकांची. बाबांना दुसरी येतच नाही. शेजारच्या गुजराती काकी दार उघडून विचारायच्या, "शादी यहीं पे है क्या?" मी हसून लोळायचे. पण चार ओळी झाल्या की बाबा घसा खाकरत, पाणी पीत आणि पुन्हा पहिल्यापासून धरत. शेवटच्या दोन ओळी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकल्याच नाहीत. फोटोत वाचल्या होत्या मी त्या. जा बाळा, ते घर तुझं होवो. तू मागे सोडलेल्या दाराला कडी लागणार नाही.

"बाबा, शेवटी फक्त चिअर्स म्हणायचं हं," रिसेप्शनला मी पुन्हा बजावलं. अंगावर पांढरा गाऊन, हातात बुके. समोर गावातला ब्रास बँड. बाबांनी माइक घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं, "लऽऽव्ह इऽज द लॅऽऽम्प..." सासरकडची मंडळी ग्लास धरून आ वासून बघत राहिली. आमच्याकडच्यांचे चेहरे मात्र खुलले, कारण चाल ओळखीची. चौथी ओळ संपली, बाबांचा आवाज थरथरला आणि घाईघाईनं, जन्माच्या सवयीनं, ते म्हणून गेले, "शुभमंगल सावधान!"

झालं! माझ्या आत्यानं गुपचूप आमच्या सगळ्या टेबलांवर अक्षता वाटून ठेवल्या होत्या. तांदूळ उडाले. बँडवाल्यांनी आमच्याकडची लग्नंही वाजवलेली, त्यांनी 'सावधान' ऐकताच दणक्यात सुरुवात केली. सासऱ्यांच्या वाइनमध्ये अक्षता पडल्या. ते तांदळासकट पिऊन टाकून वर "बरी लागते" म्हणाले. सगळा हॉल हसत होता, मीसुद्धा. बाबा तेवढे कान लाल करून माझ्याजवळ आले. "घोळ केला गं मी."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी हातानंच बँड थांबवला. "व्याही, अजून दोन ओळी हायत."

"त्या मला जमत नाहीत हो," बाबा पुटपुटले. माइक हातात चालूच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्या आयनं माझ्याच लग्नाला भरल्या त्या," सासूबाई म्हणाल्या. "तिलापण तोंडानं बोलता आल्या न्हाय, म्हणून दोऱ्यानं भरल्या. आज तुम्ही म्हणा."

आत्यानं पुन्हा मूठ भरली. या वेळी तिच्या शेजारी सासूबाईंनीही हात पुढे केला आणि थोड्या अक्षता मागून घेतल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाचवी ओळ धरली.

मी बुके दोन्ही हातांत, हार धरतात तसा धरला आणि मान खाली घालून उभी राहिले.