माईंचं मत कोण देतं?

निवडणुकीच्या गोष्टी लोणच्यासारख्या असतात. बरणीत पडून पडून मुरतात, आणि एक फोड काढायला चमचा घालावा तर चार वर येतात.

आमची आळी शिळफाट्याच्या मागे. थोडकीच घरं, पण भिंतीला भिंत. कुणाकडे कशाला फोडणी पडली आणि कुणाचं कुणाशी वाजलं, हे मला विचारावं लागत नाही. लोक म्हणतात, कुंदा फार चौकस. असेन. आठवीपर्यंत शाळेत शिकले, पुढचं सगळं भिंतीपलीकडून. मतदान जवळ आलं की मला प्रत्येकाचा संशय येतो. कोण जाणार, कोण न जाताच जाऊन आलो म्हणणार, कोण कुणाच्या गाडीतून उतरणार. पण सगळ्यात जुना संशय एकच: शेजारच्या माईंचं मत खरं देतं कोण?

०००

माईंचे यजमान म्हणजे अण्णा. कागदाच्या कारखान्यात टाइमकीपर होते. रिटायर झाले, पण कोण कधी आलं नि कधी गेलं हे बघायची सवय काही रिटायर झाली नाही. तसं बघितलं तर अण्णा आणि मी एकाच खात्यातले. संध्याकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसायचं आणि आळीभर ऐकू जाईल असं बोलायचं, हा त्यांचा नेम.

एकदा म्हणाले, "मत देणं हे सगळ्यांचं काम नव्हे. ज्याला कळतं त्यानंच द्यावं. माझं तर म्हणणं, एका घराला एक मत पुरे. कर्त्या माणसाचं."

समोरच्या निर्मलाताई कांबळे तेवढ्यात ड्यूटीवरून आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्याकडे मतदानाचा दिवस सणासारखा असतो. अंघोळी उरकून, इस्त्रीचे कपडे घालून अख्खं घर रांगेत पहिलं. आजोबांपासूनची रीत. त्यांनी स्कूटी तिथंच थांबवली.

"चालेल की, अण्णा," त्या म्हणाल्या. "फक्त कर्ता कोण ते ठरवायला आधी घरात मतदान घ्या. गुप्त."

अण्णांनी पेपर तोंडापुढं धरला. आत माई तांदूळ पाखडत होत्या, तिकडून हसल्याचा आवाज आला.

"हिला खोकला झालाय," अण्णा म्हणाले.

मला तेव्हाच संशय आला. खोकला असा नसतो.

०००

माझं म्हणणं अण्णांच्या उलटं. मतदान सक्तीचं पाहिजे. जो जाणार नाही त्याचं रेशन बंद, पाणी बंद. सरकार करेल तेव्हा करेल, मी घरात लागू करून टाकलं.

आमच्या ह्यांना मतदानाची सुट्टी म्हणजे मित्रांबरोबर नदीवर कोंबडी शिजवायची, एवढंच ठाऊक. एका मतदानाला मी सकाळीच बजावलं, "बोटाला शाई दिसली नाही तर संध्याकाळी ताट मिळणार नाही."

संध्याकाळी हे आले ते बोट उभं धरूनच. शाई होती. पण माझी नजर हटेना. रंग जरा जास्तच गडद, आणि ठिपका नखापासून लांब. तरी वाढलं. भुकेल्या माणसाची उलटतपासणी करू नये.

सकाळी बघते तर बोट टोमॅटोसारखं लाल, वर पाणी भरलेले फोड. निर्मलाताईंकडे नेलं. त्यांनी बोट उलटसुलट करून बघितलं.

"भावोजी, कुठल्या बूथवर बिब्ब्यानं शाई लावतात?"

बिब्बा. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे तो. सुनेच्या बाळंतपणाला आणलेला उरलासुरला माझ्याच डब्यातून ह्यांनी लांबवला होता. खूण छान उठली, कातडीसकट.

मी ह्यांच्यावर तोंड सोडणार, तर निर्मलाताई माझ्यावरच घसरल्या. "सक्ती तू केलीस ना? मग आता खोबरं तूच वाट आणि लाव. हक्काच्या मागं काठी घेऊन लागलं की माणूस मत देत नाही, बोट रंगवतो."

असेलही. पण ह्यांच्या डोक्यात बिब्बा आपला आपण येईल, हे मला पटेना. त्या आठवड्यात मी मुद्दाम बाजारातून दोन फेऱ्या जास्त मारल्या. नदीवर गेलेल्यांपैकी बरेच जण एक हात खिशात घालून फिरत होते.

०००

जनी ठाकुरवाडीच्या बाजूची. पावसाळ्यात दारावर रानभाज्या घेऊन येते, शेवळं असली तर आधी माझ्याकडे. दिवाळीनंतर तिच्या वाडीतली बरीच घरं वीटभट्टीवर जातात. एका मतदानाला मात्र सगळी भट्टीवरून परत आली. टेंपोनं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळी.

झालं. अण्णा म्हणाले टेंपो ह्या पार्टीचा, आमचे हे म्हणाले त्या पार्टीचा. मी म्हटलं, अंदाज कशाला, विचारूनच घ्यावं. बूथ असलेल्या शाळेच्या फाटकाशी जनी पोराला घेऊन सावलीत बसली होती.

"जने, टेंपो कुणाचा गं?"

"टेंपोवाल्याचा."

"ते कळलं. पैसे कुणी भरले?"

जनीनं पोराला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "वैनी, तुमी रिक्षातून उतरलाव, मी बघितलं. रिक्षाचं कोनी भरलं, मी इचारलं का?"

"अगं, माझी गोष्ट वेगळी."

"का? तुमच्या बोटाला येगळी शाई लावतात?"

रिक्षा त्या दिवशी आळीला फुकट होती. कुणाची, ते विचारायचं माझं राहूनच गेलं.

०००

आता माईंचं सांगते.

मागे माईंना दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला होता. तेव्हाच्या मतदानाला अण्णा त्यांना हाताला धरून घेऊन गेले आणि बूथवरच्या साहेबांना म्हणाले, "हिला दिसत नाही. मी सोबत." तसा नियम आहे. ज्याला दिसत नाही त्याच्याबरोबर दुसरं माणूस आत जाऊन बटण दाबू शकतं. अण्णांनी दाबलं. त्यात वावगं काही नव्हतं.

पुढं ऑपरेशनं झाली. माईंना दिसायला लागलं. किती? माझ्या मेथीतली अळी त्या त्यांच्या ओट्यावरून दाखवतात. अण्णांच्या शर्टाचं बटण तुटलं की सुईत दोरा त्याच ओवतात. पण पुढच्या मतदानाला मी रांगेत त्यांच्या मागेच उभी, तर अण्णा आपले पुन्हा तेच. "हिला दिसत नाही. मी सोबत." माईंची मान खाली. मशीन वाजलं, आणि अण्णा दोन मतं दिल्याच्या थाटात बाहेर आले. दिलीच होती.

दुपारी मी माईंना गाठलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू?"

"पाडायचं."

"तू पाड तुझ्याला. मला परत त्याच घरात जायचं असतं." मग सूप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे आले गं परत. मत नाही आलं. मरायच्या आत एकदा ते बटण मला दाबायचंय. कुणाला देईन ते मलाही ठाऊक नाही. पण बोट माझं असू दे."

मी हे निर्मलाताईंना सांगितलं. त्या तक्रार करायला निघाल्याच होत्या, पण माईंनी हात जोडले. "घराचा तमाशा नको."

भिंतीपलीकडे त्याच वेळी अण्णा कुणालातरी समजावत होते, बोगस मतदान हल्ली किती वाढलंय म्हणून.

०००

यंदा बूथवर साहेब नव्हते, बाई होत्या. तरुण, पहाटेपासून खुर्चीत बसून अवघडलेल्या. अण्णा-माई टेबलापाशी पोचले. मी रांगेत तीन बायका सोडून मागे. निर्मलाताई मत देऊन दारात रेंगाळत होत्या.

अण्णांनी ठरलेलं वाक्य टाकलं. "हिला दिसत नाही. मी सोबत."

बाईंनी अण्णांकडे बघितलंच नाही. "आजी, तुम्ही सांगा. दिसतं का तुम्हाला?"

वाटलं, आज बोलतील. आता नाही तर कधीच नाही.

माई म्हणाल्या, "नाही दिसत."

मला इतका राग आला की काय सांगू. मनात म्हटलं, राहा तशाच.

"बरं. मग सोबत कुणाला न्यायचंय?"

"हे काय विचारणं झालं?" म्हणत अण्णा पुढं सरकले.

"काका, मी आजींना विचारतेय. ज्याचं मत, त्यानं सोबत निवडायची."

माई वळल्या. तीन बायकांच्या खांद्यांवरून नेमकं माझ्यावर बोट रोखलं. "ती, निळ्या साडीतली. कुंदा."

बाई माईंकडे बघत राहिल्या. मग कागद पुढं केला.

"कुंदा?" अण्णांचा आवाज चढला. "अहो, ती आत बघणार आणि संध्याकाळपर्यंत घाट चढून लोणावळ्याला बातमी पोचणार."

"नाही पोचणार. कुणाला दिलं ते सांगणार नाही, अशी सही करून द्यावी लागते."

आयुष्यात असा कागद माझ्यापुढं कुणी ठेवला नव्हता. केली सही.

पुठ्ठ्याच्या आड गेलो. माईंचा हात माझ्या हातात होता. मी मशीनवर वाकले. इतक्या वर्षांत कुणाचं मत मला डोळ्यांनी बघायला मिळालं नव्हतं, अगदी ह्यांचंसुद्धा.

"सांगा, कुठलं दाबू?" मी पुटपुटले.

माईंनी माझा हात सोडला. पदरानं चष्मा पुसला आणि वरपासून खालपर्यंत सगळी नावं सावकाश वाचली. ओठ हलत होते. मग माझ्या कानाशी आल्या.

"कुंदे, आता तू डोळे मीट."

मिटले. मशीन वाजलं.

अण्णा दारातच उभे होते. "कुणाला दिलं गं?"

माई पदर सारखा करत म्हणाल्या, "मला कुठं दिसतंय? कुंदाला विचारा."