राखेनिशी दिलेला पेपर

पाड्यावरून निघालो तेव्हा जीपच्या टपावर मडकी, कोंबड्यांची डालगी आणि त्यांना धरून बसलेला आमचा सुनील. नवऱ्याला शहाद्याकडं साखर कारखान्यात काम लागलं होतं. सासू जीपच्या दारात एवढंच बोलली, "खाली जाता आहात, पण खालचे होऊ नका." मला राग आला. मास्तर कधीतरी उगवणार, त्या पाड्यावर राहून पोरानं काय जन्मभर शेळ्या वळायच्या?

लोणखेड्याच्या अंगाला ऊस संपून नवे प्लॉट सुरू होतात, तिथं सरकारी हायस्कूल आहे. मधल्या सुट्टीत तिथं पावरी, अहिराणी, हिंदी सगळं एकदम कानावर पडतं. पहिल्या पालकसभेत आम्ही डोंगरातल्या बाया मागं भिंतीला टेकून खाली बसलो. आता मी पुढच्या खुर्चीत बसते. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त कटकट माझीच असते.

सुनील लहानपणी काविळीनं आडवा पडला, तेव्हा मीच होळीला नवस बोलले होते, की पाच वर्षं हा बावा होईल. बावा झाला की अंगाला राख, वर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं. पालनी, म्हणजे हे नेम, संपेपर्यंत आंघोळ नाही, खाटेवर की बाकावर बसणं नाही. यंदा शेवटचं वर्ष, आणि यंदाच दहावी. आमच्याकडं गावागावाची होळी वेगळ्या दिवशी. बोर्डाला ती कुठून ठाऊक असणार? पाड्यावर रात्रभर नाचून पोरगं पहिल्या जीपनं उतरलं आणि राखेवर शर्ट चढवून गणिताच्या पेपराला आलं.

हेडमास्तरांनी फाटकातच अडवलं. "ताई, शिस्त नावाची काही गोष्ट असते. नळ तिथं आहे, घुंगरं काढून, अंग धुऊन येऊ द्या."

सुनील मला हळूच म्हणाला, "याहा, धुतो मी. वर्ष जाईल."

मी म्हटलं, गप. धुतलंस तर नवस गेला, घरी गेलास तर वर्ष गेलं. दोन्हीतलं एकही मी सोडणार नाही. सरांना म्हटलं, "तुम्हाला घुंगरांचा आवाज नको ना? वाजणार नाहीत." ओढणी फाडली आणि तिथंच घुंगरांवर चिंध्या गुंडाळायला बसले.

शेजारचे रज्जाकभाई गादीवाले मुलीला सोडायला आले होते. ते फाटकाला पाठ लावून उभे राहिले. "सर, पोऱ्या पेपर लिखाले येल शे, आंग दखाडाले नही. तो बाहेर, तर मन्ही पोरबी बाहेर." मुलगी रडकुंडीला आली, पण बापाशेजारी उभी राहिली. मग आणखी आया पुढं सरकल्या. सरांनी घड्याळ पाहिलं आणि शिपायाला वर्गात सतरंजी टाकायला सांगितलं.

सुनीलनं जमिनीवर बसून पेपर लिहिला. पास झाला. नंबरात नाही, नुसता पास.

पाड्यावरच्या माणसांनो, तुम्ही फोनवर म्हणता, किती दिवस परक्यांच्यात राहणार. आणि सुरतेला, पुण्याला गेलेल्यांनो, तुम्ही म्हणता, तिकडं मान खाली घालून राहावं लागतं. मी घालत नाही. परक्याच्या दारात माणूस हात जोडतं. भांडतं ते आपल्या घरात. त्या फाटकाशी मी भांडले.